सेल्फ दाबला की नुसतं टकटकटक, नवी बॅटरी टाकूनही तेच (ग्लॅमर, २००७)

सुरुबन | रविवार, सकाळी ८:२०

नमस्कार. गाडी हिरो होंडा ग्लॅमर, २००७ ची, सेल्फ आणि किक दोन्ही असलेली. बाबांनी घेतलेली. त्यांचे गुडघे आता साथ देत नाहीत, म्हणून चार वर्षांपासून मी चालवते. रोज गुहागरहून धोपाव्याला जायचं, फेरीबोटीतून दाभोळ गाठायचं आणि संध्याकाळी परत.

मृगापासून सेल्फने त्रास द्यायला सुरुवात केली. बटण दाबलं की टकटकटक आवाज येतो आणि न्यूट्रलचा हिरवा दिवा मंद होतो, इंजिन काही फिरत नाही. किक मारली की दुसऱ्या-तिसऱ्या किकला गाडी चालू होते. सकाळी त्रास जास्त. दुपारी ऊन पडलं तर कधी कधी सेल्फ एकदम व्यवस्थित चालतो.

आधी नवीन बॅटरी टाकून घेतली. आठ दिवस बरं वाटलं, पुन्हा तेच. मग सेल्फचा रिले (बटण दाबल्यावर मोटरला करंट जोडणारा स्विच) बदलला, तरी फरक नाही. आता गॅरेजमध्ये सांगतात की सेल्फची मोटर गेली, नवीन टाका. त्याआधी इथे विचारावं म्हटलं. घरात साधा डिजिटल मल्टिमीटर आहे आणि तो वापरायची मला भीती वाटत नाही.

दांडीकिनारा | रविवार, सकाळी ९:०५

ताई, मोटर बदलूक घाई करू नको. आधी अर्थ बघ, म्हणजे बॅटरीच्या मायनसाक इंजिनाशी जोडणारी वायर, मगे बाकीचा.

आमच्या मालवणात दर्याकडच्या गाड्यांचा दुखणा बहुतेक अर्थाचाच असता. माझ्या जुन्या गाडीचा इंजिनाचा अर्थ गेलेलो. सेल्फ दाबलो की क्लचची केबल हाताक गरम लागा! करंटाक परतीची वाट मिळाना, म्हणान तो क्लच केबलीतना जाय होतो. केबल आतून करपली तेव्हा माका कळला.

कातळसडा | रविवार, सकाळी ९:४०

किकने चालू होते म्हणजे प्लगला करंट येतोय, पेट्रोल येतंय. अर्धी गाडी तिथेच तपासून झाली. सीडीआय, पिकअप कॉइल, इग्निशन कॉइल या ठिणगी पाडणाऱ्या भागांकडे आत्ता बघायलाच नको. दोष बॅटरीपासून मोटरपर्यंतच्या वाटेत किंवा परतीच्या वाटेत आहे.

माझ्या स्प्लेंडरचं दुखणं याच्या उलट आहे, पण ते नंतर विचारतो. आधी ताईंचं होऊ दे.

निवृत्त_वायरमन | रविवार, सकाळी ११:१५

सुरुबन, लक्षणं नीट लिहिलीस. 'सकाळी जास्त, दुपारी कमी' हे लिहिलंस ते फार कामाचं आहे. मोटरचे कार्बन झिजले असते तर त्यांना सकाळ-दुपार कळली नसती. ओल आली की बिघडतं आणि ऊन लागलं की सुधारतं, म्हणजे कुठला तरी जोड आतून कळकलेला आहे. पितळेच्या भांड्यात ताक ठेवलं की ते कळकतं ना, तोच हिरवा कळंक तांब्याच्या तारेवर चढतो. खाऱ्या हवेत तर फारच लवकर.

मी एसटीच्या डेपोत ऑटो इलेक्ट्रिशियन होतो. बसची बॅटरी २४ व्होल्टची, तुझी १२ ची. तपासायची रीत एकच.

आज फक्त दोन आकडे घे. मीटर डीसी २० व्होल्टवर ठेव. मीटरच्या लाल-काळ्या टोकांना मी सळ्या म्हणतो. त्या बॅटरीच्या शिशाच्या खुंट्यांवर टेकवायच्या, खुंटीला लावलेल्या वायरच्या लगवर (टोकाच्या धातूच्या कडीवर) किंवा स्क्रूवर नाही. फरक पुढे कळेल.

पहिला आकडा चावी बंद असताना. चांगली भरलेली बॅटरी १२.६ च्या आसपास दाखवते. १२.४ म्हणजे साधारण पाऊण भरलेली. १२ च्या खाली असेल तर आधी चार्ज कर, त्याशिवाय पुढचं काही कळणार नाही.

दुसरा आकडा सेल्फ दाबून धरलेला असताना, तिथेच. आकडा ८-९ पर्यंत कोसळला तर बॅटरी कमजोर किंवा मोटर जाम. आणि १२ च्या वरच राहिला तर बॅटरी द्यायला तयार आहे, पण तिच्याकडून कोणी घेतच नाहीये. म्हणजे वाट अडली आहे.

गाडी न्यूट्रलला आणि स्टँडवर असू दे. एक सावधगिरी: मीटर चुकूनही अँपिअरवर ठेवून बॅटरीला लावू नकोस. सेल्फच्या करंटपुढे मीटरमधला १० अँपिअरचा फ्युज टिकणार नाही.

वाशिष्ठीकाठ | रविवार, दुपारी १२:३०

काका म्हणतात ते शंभर टक्के खरं. माझी गाडी २२ जुलै २०२१ च्या पुरात चिपळुणात हँडलपर्यंत बुडाली होती. ऑइल बदललं, कार्ब्युरेटर साफ केला, गाडी सुरू झाली, मी खूश. वर्षभराने एकेक गोष्ट बंद पडायला लागली. आधी हॉर्न, मग इंडिकेटर, मग सेल्फ. हार्नेसची, म्हणजे वायरींच्या जुडग्याची, टेप सोलली तर आत चिखलाचा सुकलेला थर आणि तारा कोळशासारख्या काळ्या. वरचं प्लास्टिक मात्र नव्यासारखं. वायर बाहेरून चांगली दिसते यावर मी तेव्हापासून विश्वास ठेवत नाही.

सुरुबन | रविवार, संध्याकाळी ६:१०

आकडे घेतले.
चावी बंद: १२.६३
सेल्फ दाबून (टकटकटक चालू असताना): आकडा नाचत होता, पण १२.४ च्या खाली एकदाही गेला नाही.

म्हणजे नवीन बॅटरी टाकायची गरजच नव्हती का? जुनी देऊन टाकली, याचं वाईट वाटतंय.

निवृत्त_वायरमन | रविवार, संध्याकाळी ७:००

जुनीही बहुधा चांगली असेल. नव्या बॅटरीने आठ दिवस बरं वाटलं, त्याचं कारणही सांगतो. बॅटरी बदलताना वायरी हलल्या, स्क्रू नव्याने आवळले गेले. कळकलेल्या जोडाला तेवढ्या हालचालीनेही थोडे दिवस बरं वाटतं. म्हणून 'पार्ट बदलला आणि गाडी सुधारली' यावरून तोच पार्ट गेला होता असं ठरवू नये.

आता खरी तपासणी. वाटेत व्होल्ट कुठे हरवतात ते शोधायचं. काळी सळी बॅटरीच्या मायनस खुंटीवर, लाल सळी इंजिनच्या उघड्या धातूवर, एखाद्या बोल्टच्या डोक्यावर, रंग खरवडून. सेल्फ दाब. ही दोन्ही ठिकाणं एका जाड वायरने जोडलेली आहेत, म्हणून आकडा जवळजवळ शून्य यायला हवा. ०.२-०.३ पर्यंत ठीक. अर्ध्या व्होल्टच्या वर गेला तर ती वायर किंवा तिचा जोड खराब.

मग तसंच प्लसच्या बाजूला: बॅटरीचा प्लस ते रिलेचा मोटरकडचा बोल्ट, आणि तिथून मोटरची खुंटी. रिले टकटकत असताना या बाजूचा आकडा एवढा नाचेल की काही उमगणार नाही, म्हणून आधी मायनस बघ.

दांडीकिनारा | रविवार, संध्याकाळी ७:२५

काकानू, सरळ मीटर कंटिन्युइटीवर ठेवून बीप बघलो तर चलात मा? वायर तुटली आसात तर बीप येवचो नाय.

निवृत्त_वायरमन | रविवार, रात्री ८:१०

नाही चालणार. चांगले चांगले मेकॅनिक इथेच फसतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

समजा सेल्फची मोटर ४० अँपिअर मागते आणि अर्थच्या जोडात फक्त ०.१ ओहम अडथळा आहे. ४० गुणिले ०.१ म्हणजे ४ व्होल्ट तिथेच जळाले. मोटरच्या वाट्याला १२ मधले ८ राहिले, तेवढ्यात ती इंजिन फिरवणार नाही. हा ०.१ ओहम आपल्या साध्या मीटरवर दिसतच नाही. दोन सळ्या एकमेकींना टेकवल्या तरी मीटर त्याहून जास्त दाखवतो. बीपचं म्हणशील तर पन्नास तारांपैकी एक तार शिल्लक असली तरी बीप वाजते, कारण बीपला लागणारा करंट नगण्य असतो. पायवाट आहे म्हणून तिथून ट्रक जाईल असं नाही.

म्हणून वायरवर भार असतानाच मोजायचं. मीटर नसेल तर इंडिकेटरचा जुना २१ वॅटचा बल्ब घ्या, त्याला दोन वायरी सोल्डर करा. ज्या वायरबद्दल शंका आहे तिच्यातून बल्ब पेटवून बघा. झगझगीत पेटला तर बारीक कामांपुरती वायर बरी, विझल्यासारखा पेटला तर वायर गेली. हा दिवा माझ्या पिशवीत कायम असायचा.

सुरुबन | सोमवार, सकाळी ७:३०

रात्रभर पाऊस होता, त्यामुळे आज गाडीने अगदी खरं दुखणं दाखवलं. बॅटरी मायनस ते इंजिन: सेल्फ दाबल्यावर आकडा ३ ते ५ च्या मध्ये नाचतोय! सोडल्यावर शून्य. तीनदा करून पाहिलं.

एक शंका आहे. बॅटरी उतरत नसेल तर न्यूट्रलचा दिवा का मंद होतो? त्यामुळेच तर सगळे बॅटरी बॅटरी म्हणत होते.

निवृत्त_वायरमन | सोमवार, सकाळी ८:००

सापडलं.

दिव्याचं असं आहे. न्यूट्रलचा स्विच इंजिनवर बसवलेला असतो. दिव्याला प्लस वरून मिळतो आणि मायनस त्या स्विचमधून, म्हणजे इंजिनमधून. इंजिनचा अर्थ खराब असला की सेल्फ दाबताच इंजिनची सगळी बॉडी ४ व्होल्टवर चढते. मग दिव्याला १२ च्या जागी ८ मिळतात आणि तो मंद होतो. गाडी न्यूट्रलला असताना रिलेच्या कॉइलचा मायनसही त्याच वाटेने जातो. रिले ओढला जातो, मोटर करंट मागते, इंजिन वर चढतं, रिलेला व्होल्ट कमी पडतात, तो सुटतो. सुटला की मोटरचा करंट तुटतो, इंजिन पुन्हा शून्यावर येतं, रिले पुन्हा ओढला जातो. तुझं टकटकटक ते हेच. बॅटरी उतरली तरी हाच आवाज येतो आणि दिवाही असाच मंद होतो. कानाला आणि डोळ्यांना दोन्ही दुखणी सारखीच भासतात, म्हणून तर मीटर लावायचा.

खात्री करून घे: गाड्यांना बॅटरी द्यायची जंपर केबल कोणाकडे मिळाली तर एक टोक बॅटरी मायनसला, दुसरं इंजिनच्या उघड्या बोल्टला लाव आणि सेल्फ दाब.

सुरुबन | सोमवार, रात्री ९:४५

शेजारच्या रिक्षावाल्या दादांकडून केबल आणली. टोक इंजिनला लावलं, बटण दाबलं, आणि पहिल्याच झटक्यात चालू! बाबा पडवीतून उठून बाहेर आले. म्हणाले, "हाच आवाज होता नवीन असताना." दोन महिन्यांनी तो आवाज ऐकला.

मग केबल काढून मूळ अर्थची वायर शोधली. बॅटरीपासून खाली येऊन इंजिनच्या मागच्या बाजूला एका बोल्टला आवळलेली आहे. बोल्ट गंजलेला होता, पण लग बाहेरून चांगला दिसत होता. काळी रबरी नळी मागे सरकवली तर आत हिरवी पूड. हाताने जरा वाकवली तर सात-आठ तारा तुटून हातात आल्या.

आता लग बदलू की पूर्ण वायर?

निवृत्त_वायरमन | मंगळवार, सकाळी ७:१५

पूर्ण वायर. दिव्याची वात तेल ओढते ना, तशी तारांची जुडी खारं पाणी ओढून घेते. उघडं टोक खाली इंजिनपाशी असलं तरी कळंक वर वीतभर चढलेला असतो. शंका असेल तर काढल्यावर जुनी वायर मधे सोलून बघ. तार लालसर झळकली तर चांगली, काळी निघाली तर तिच्यावर सोल्डरसुद्धा धरत नाही.

नवीन वायर बारीक तारांची, तांब्याची, जुनीपेक्षा बारीक नको. जाड चालेल. लग दाबून घे, साध्या पकडीने चेपू नकोस. ज्यांच्याकडे लग दाबायचा पाना असतो त्यांच्याकडून करून घे. त्यावर हीट श्रिंक ट्यूब (गरम केल्यावर आवळून बसणारी नळी), गोंद असलेली मिळाली तर उत्तम. बोल्टखालचा रंग आणि गंज पॉलिश पेपरने घासून धातू चकचकीत कर. आधी आवळ, मग वरून ग्रीस किंवा व्हॅसलिनचा थर दे.

बॅटरी सोडवताना मायनस आधी, जोडताना मायनस शेवटी. प्लस सोडवताना पाना चासीला लागला तरी मग ठिणगी उडत नाही.

वाशिष्ठीकाठ | मंगळवार, सकाळी ९:३०

ताई, त्याच बैठकीत चार्जिंगही मोजा. गाडी चालू करून जरा रेस द्या, बॅटरीच्या खुंट्यांवर साधारण १३.५ ते १४.५ च्या मध्ये यायला हवं. १५ च्या वर जात असेल तर रेग्युलेटर (चार्जिंगचे व्होल्ट आवरणारा भाग) बॅटरीला उकळतोय. १३ च्या पुढे जातच नसेल तर रेग्युलेटर, मॅग्नेटोची (इंजिनसोबत फिरून वीज तयार करणाऱ्या भागाची) कॉइल आणि त्यांच्यामधला कपलर (वायरी जोडणारा सॉकेट) बघा. आणि हेडलाइट बघून बॅटरीचा अंदाज घेऊ नका. आपल्या बऱ्याच जुन्या १००-१२५ सीसी गाड्यांत हेडलाइट बॅटरीवर नसतो, थेट मॅग्नेटोवर असतो.

कातळसडा | मंगळवार, दुपारी ४:००

ताईंचं मार्गी लागलं, आता माझं विचारतो. स्प्लेंडर, फक्त किकची. जयगडच्या जेटीवर असते. जोराचा पाऊस झाला किंवा गाडी धुतली की प्लगला करंटच नाही. प्लग नवीन, प्लगची टोपी नवीन, सीडीआय दुसऱ्याच्या गाडीचा लावून पाहिला. दोन दिवस पाऊस थांबला की आपोआप चालू. हल्ली तर हँडल पूर्ण डावीकडे वळवलं की चालती गाडीही कधी कधी बंद पडते.

निवृत्त_वायरमन | मंगळवार, संध्याकाळी ६:३०

शेवटचं वाक्य आधी लिहायला हवं होतंस, भाऊ! हँडल वळवल्यावर बंद पडते म्हणजे हँडलच्या मानेपाशी वायर घासली आहे किंवा चावीच्या लॉकमध्ये पाणी जातंय.

तुझ्या गाडीचा करंट बॅटरीवर अवलंबून नाही. मॅग्नेटोमधली कॉइल सीडीआयला वीज देते, म्हणून बॅटरी काढून टाकली तरी ही गाडी किकने चालते. मग चावीने बंद कशी होते? चावी बंद केली की काळ्या-पांढऱ्या पट्ट्याची वायर लॉकच्या आत अर्थला जोडली जाते आणि सीडीआयची वीज तिथून निघून जाते. म्हणजे या वायरचं काम जोडण्याचं नाही, बंद करण्याचं आहे. ती कुठेही चासीला घासली किंवा लॉकमध्ये खारं पाणी साचलं, तर गाडीला वाटतं चावी बंद आहे.

तपास सोपा आहे. प्लग काढून टोपीत बसव, त्याची बॉडी इंजिनला घट्ट टेकव. टोपी हवेत सोडून किक मारू नकोस, कॉइलवर ताण येतो. पेट्रोलची नळी आणि प्लगचं भोक यांच्यापासून ठिणगी लांब ठेव. करंट नाही असं दिसलं की हेडलाइटच्या डोममध्ये चावीच्या लॉकचा कपलर आहे, तो सोडव आणि पुन्हा किक मार. ठिणगी आली तर दोष लॉकमध्ये किंवा लॉकच्या वायरमध्ये. लक्षात ठेव, कपलर सुटलेला असताना गाडी चावीने बंद होणार नाही.

तरीही आली नाही तर त्या काळ्या-पांढऱ्याची सीडीआयकडची वायर अर्थला लागली आहे का बघ, मग पिकअप कॉइल.

दांडीकिनारा | मंगळवार, रात्री ८:५०

आमच्याकडे पावसाआधी गाडीच्या खालसून डिझेल आणि जळका ऑइल फवारतत. ताचो फायदो होता काय वायरिंगाक?

वाशिष्ठीकाठ | मंगळवार, रात्री ९:२०

चासीच्या गंजाला होत असेल, वायरिंगला माझ्या मते नुकसानच जास्त. डिझेलने रबर फुगतं, कपलरच्या रबरी टोप्या सैल होतात, त्यावर धूळ बसून चिखल होतो. ड्रम ब्रेकमध्ये उडालं तर ब्रेकही लागत नाही. मी फवारणी बंद केली. त्याऐवजी वळवाचा पाऊस पडायच्या आधी एक दुपार काढतो. प्रत्येक कपलर उघडतो, कॉन्टॅक्ट क्लीनर मारतो, वाळू देतो, पिनांवर व्हॅसलिनचा अगदी हलका हात फिरवतो आणि बंद करतो. ताडपत्रीने गाडी घट्ट गुंडाळणंही सोडलं, आत दमट हवा कोंडते. पडवीत उघडी ठेवलेली बरी.

निवृत्त_वायरमन | मंगळवार, रात्री ९:५०

सहमत. त्यात एकच भर: समुद्राचं पाणी उडालं असेल तर त्याच दिवशी गोड्या पाण्याने साधा हात मारा. प्रेशरचा पाइप नको, तो पाणी कपलरच्या आत ढकलतो. मीठ सुकून राहिलं की ते हवेतली ओल ओढत राहतं, पाऊस नसला तरी.

सुरुबन | शुक्रवार, रात्री ८:३०

चिपळूणला जाऊन वायर करून आणली, जुनीपेक्षा एक माप जाड. दोन्ही टोकांना दाबलेले लग, वर ट्यूब. इंजिनचा बोल्टही नवीन घेतला. जुनी वायर मधोमध सोलली, काका म्हणाले तसंच निघालं: इंजिनच्या टोकापासून वीतभर काळी, पुढे लाल.

आत्ताचे आकडे:
बॅटरी, चावी बंद: १२.७
सेल्फ फिरताना बॅटरीवर: १०.९
बॅटरी मायनस ते इंजिन, सेल्फ फिरताना: ०.१४
प्लसची बाजू, बॅटरी ते मोटरची खुंटी: ०.३
रेस दिल्यावर चार्जिंग: १४.१

सेल्फ फिरताना बॅटरी १०.९ वर आली हे बघून आधी पोटात गोळा आला, मग लक्षात आलं की आता मोटर खरोखर करंट घेतेय. मोटर बदलायची गरज नाही ना?

निवृत्त_वायरमन | शुक्रवार, रात्री ९:००

अजिबात नाही. मोटर उत्तम आहे. हे पाचही आकडे गाडीच्या कागदांसोबत लिहून ठेव. पुढच्या आषाढात पुन्हा मोज. अर्थचा ०.१४ वाढून ०.४ झाला तर बंद पडायच्या आधीच तुला कळेल.

कातळसडा | शनिवार, सकाळी १०:२०

काका, सापडलं. कपलर सोडवला तरी ठिणगी नाही. म्हणजे लॉक चांगलं, मग सीडीआयकडची वायर बघितली. चासीच्या मानेपाशी जिथे हार्नेस वळतो तिथे क्लिप तुटून काळी-पांढरी वायर पत्र्यावर घासत होती. नखाएवढा तुकडा उघडा, आत हिरवा. तेवढा कापून जोडला, ट्यूब घातली, नवीन क्लिप लावली. बादलीभर पाणी ओतून हँडल दोन्हीकडे वळवून पाहिलं. चालू आहे.

सुरुबन | शनिवार, दुपारी १:१५

कातळसडा दादा, छान झालं. आज फेरीत भरतीचं पाणी चांगलंच उडालं गाडीवर. घरी आल्यावर गोडं पाणी मारलं, आणि बाबांनी खुर्ची बाहेर आणायला सांगितली. म्हणाले, सेल्फ मी दाबतो.